कॅमेऱ्याला जात दिसत नाही. कॅमेरा लावणाऱ्याचे काय?

रस्त्यावरचा कॅमेरा म्हणजे गरिबाचा खिसा कापण्याचे यंत्र, असे म्हणण्याची सध्या पद्धत पडली आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या विरोधात संप पुकारला तेव्हाही हाच सूर होता. आमच्या वस्त्यांतील रिक्षावाले, टेम्पोवाले, वडाप चालवणारे यांच्याही तोंडी हेच आहे. त्यांचा राग खोटा नाही. परंतु ज्यांच्या पन्नास-पन्नास मालट्रक आहेत त्यांचा राग आणि ज्याची एकच रिक्षा तीही कर्जावर आहे त्याचा राग, हे दोन्ही एका सुरात मिसळले की फायदा पहिल्याचा होतो, हे आपण अनेकदा अनुभवले आहे. म्हणून आमचे मत थोडे वेगळे आहे. वेग मोजणारा कॅमेरा आम्हाला हवा आहे. सोलापुरात तर हवाच. मात्र तो कोठे लावायचा, कोणी चालवायचा, त्याच्या चुकीविरुद्ध दाद कोठे मागायची आणि दंडाचा पैसा कोठे जातो, हे सारे केवळ अधिकारी आणि कंत्राटदार यांच्या मर्जीवर सोडायला आम्ही तयार नाही.

आधी मरणाचा हिशेब पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यात महाराष्ट्रातील १५ हजार २२४. देशातील या मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदलेले आहे. आणि मेले कोण? ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे. पायी चालणाऱ्यांची संख्याच ३२ हजार ८२५ होती. म्हणजे तिघांपैकी जवळजवळ दोघांच्या अंगाभोवती ना पत्रा होता, ना फुगणारी एअरबॅग. या अहवालात जातीचा रकाना नाही आणि आम्ही तो कल्पनेने भरणार नाही. पण पहाटे पाच वाजता महामार्गाच्या कडेने डोक्यावर पाटी घेऊन कोण चालते, रात्रपाळी संपवून सायकलवरून कोण परततो, एका मोटारसायकलवर बायको आणि दोन लेकरे कोणाला बसवावी लागतात, हे सोलापूरकराला कोणत्या अहवालातून समजून घ्यावे लागत नाही. वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाडीत बसलेल्याची दहा मिनिटे वाचतात. त्या दहा मिनिटांची किंमत मोजणारा मात्र गाडीबाहेरचा असतो.

सोलापूर हे रस्त्यांच्या चौकातले शहर. पुण्याहून हैदराबादला जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. धाराशिव-तुळजापूरकडून येऊन विजयपूरला जाणारा ५२ क्रमांकाचा येथूनच जातो. सांगलीकडून येणारा १६६ क्रमांकाचा येथे येऊन मिळतो. त्यात साखर कारखान्यांचा जिल्हा, म्हणून हंगामात उसाच्या ट्रॉल्या वेगळ्याच. आमच्या खेड्यांची रचना सर्वांना ठाऊक आहे. वस्ती गावकुसाबाहेर. रस्ता चौपदरी करताना गावाची पेठ आणि देऊळ वाचवायचे म्हणून महामार्गही गावाबाहेरून नेला जातो. परिणामी अनेक ठिकाणी ताशी शंभर किलोमीटरचा वेग आमच्याच उंबऱ्याला घासून जातो. पूर्वी पाणवठा दूर होता. आता शाळा, रेशन दुकान आणि एसटीचा थांबा चार पदरांच्या पलीकडे गेला आहे. भुयारी मार्ग असेल तर तो एक-दोन किलोमीटरवर. मग दुभाजकावरून उडी मारून जाणाऱ्या म्हाताऱ्या बाईलाच बेशिस्त ठरवायचे!

अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारीचे उदाहरण घ्या. तेथील रे नगर वसाहतीतील १५ हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वाटल्या गेल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, असंघटित मजूर यांची ही वसाहत. कामगारांनी वर्षानुवर्षे लढून मिळवलेले हे यश आहे, त्याचे मोल आम्ही कमी करणार नाही. पण घर शहराबाहेर गेले आणि काम शहरातच राहिले, तर रोजचा रस्ता हाही घराचाच भाग झाला. तेलपाणी वाचवण्यासाठी एका गाडीवर तिघे बसणारे तरुण आणि त्याच रस्त्याने देवदर्शनाला सुसाट निघालेल्या मोटारी, यांचा सामना रोजचा आहे. वेगावर नजर ठेवायची तर ती अशा ठिकाणी ठेवली पाहिजे.

प्रशासनाला हे जमत नाही असे नाही. कोजागरी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला हजारो-लाखो भाविक पायी जातात. तेव्हा त्या मार्गावरील वाहतूक वळवली जाते, बंदोबस्त लागतो, रस्ता पायी चालणाऱ्याच्या ताब्यात दिला जातो. हे योग्यच आहे, त्याला आमचा आक्षेप नाही. वर्षाचे उरलेले दिवस याच कडेने जो मजूर चालतो तोही पादचारीच आहे, एवढेच आम्ही नमूद करतो.

आता कॅमेऱ्याच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा. चौकातले मामा गाडी अडवतात तेव्हा काय काय पाहतात? अंगावरचे कपडे पाहतात, बोलण्याची ढब पाहतात, गाडीवर कोणाचे स्टिकर आहे ते पाहतात. नाव विचारताना आडनावही विचारले जाते. मग कोणीतरी फोन लावतो, फोन मामांच्या हातात दिला जातो आणि गाडी सुटते. ज्याच्याकडे फोन लावायला कोणी नाही, तो पावती फाडतो किंवा पावतीशिवायच पैसे देतो. कॅमेऱ्याला फोन लावता येत नाही. निळा झेंडा, भगवा झेंडा, आमदाराची पाटी, यापैकी काहीही त्याला कळत नाही. त्याला फक्त वेग आणि नंबरप्लेट कळते. राज्यघटनेच्या १४ व्या कलमात जी कायद्यापुढील समानता आहे, ती रस्त्यावर आणण्याची थोडीशी शक्यता या निर्जीव यंत्रात आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, कॅमेरा नको म्हणणाऱ्यांच्या मागे आपण डोळे मिटून जाऊ नये.

पण येथेही पळवाट आहेच. ४१४१ हा आकडा ‘दादा’ वाचला जाईल असा रंगवायचा, प्लेटवर नेत्याचे नाव मोठे आणि क्रमांक बारीक, ही हौस कोणाची? रोजंदारीवर जाणाऱ्याची नक्कीच नाही. उसाच्या कित्येक ट्रॉल्यांना तर मागे क्रमांकही नसतो आणि लाल परावर्तकही नसतो. रात्री अंधारात उभी राहिलेली ट्रॉली आणि तिच्यावर मागून आदळणारा मोटारसायकलस्वार, हा सोलापूर जिल्ह्यातील हंगामी मृत्यू आहे. त्या ट्रॉलीचा वेग शून्य असतो, म्हणून वेगाचा कॅमेरा तिला पकडत नाही. कारखान्याच्या दारात वजनकाट्यावर ती रोज उभी राहते. तेथे परावर्तक तपासायला कॅमेराही लागत नाही. फक्त कारखानदाराला जाब विचारण्याची हिंमत लागते.

असो. कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्या माणसांना कायद्याचे हत्यार माहीत नसते आणि दुसऱ्यांना ते माहीत असूनही सांगायचे नसते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३६-अ हे कलम आले. रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याची जबाबदारी त्याने राज्य सरकारांवर टाकली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी १६७-अ हा नियम काढला. त्यात ज्या १३२ शहरांची यादी आहे त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे असून सोलापूर त्यापैकी एक आहे. या नियमाने केवळ चालकावर बंधने घातली नाहीत, सरकारवरही घातली. यंत्र अचूक असल्याचे राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे. हा टप्पा कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहे असा ठळक फलक आधी हवा. चलानासोबत वाहन क्रमांक दिसणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवे. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस गेली पाहिजे आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवली पाहिजे. न्यायालयात ही नोंद पुरावा म्हणून टिकायची तर तिला साक्ष कायद्यातील प्रमाणपत्राची जोड हवी. पूर्वी ते ६५-ब कलमाखाली होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली आहे.

हे कागदावर उत्तम आहे. प्रत्यक्षात काय होते? आमच्या परिचयातील एक रिक्षाचालक. रिक्षा दुसऱ्या हाताची, एमएच-१३ पासिंगची. परवान्याच्या नूतनीकरणाला गेला तेव्हा त्याला कळले की गाडीवर चार चलाने आहेत. सर्वांत जुने दीड वर्षापूर्वीचे. मोबाईलवर संदेश का आला नाही? कारण नोंदणीच्या कागदावर जुन्या मालकाचा क्रमांक होता. त्यातील एका चलानाचे छायाचित्र उघडून पाहिले तर त्यात रिक्षाच नव्हती, चारचाकी होती. क्रमांकातील एक आकडा यंत्राने चुकीचा वाचला होता. आता तक्रार करायची तर ऑनलाईन करा. तक्रारीचे उत्तर आले नाही. दोन दिवस हेलपाटे घातले, दोन दिवसांची कमाई बुडाली, शेवटी न केलेल्या गुन्ह्याचाही दंड भरून तो मोकळा झाला. ‘साहेब, भांडण्यापेक्षा भरणे स्वस्त पडते’, असे तो आम्हाला म्हणाला. न्याय मागण्याचा खर्च दंडापेक्षा जास्त असेल तर ३९-अ कलमातील समान न्यायाचे आणि मोफत कायदेशीर साहाय्याचे काय होते, हा प्रश्न आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणासमोर आदरपूर्वक ठेवतो. आठवड्यातून एक दिवस, एका टेबलावर, एक माणूस चलानाच्या हरकती ऐकायला बसवला तरी पुष्कळ होईल.

दुसरा प्रश्न पैशाचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा चालू झाली. चलानांची संख्या पाहता पाहता लाखांवर आणि दंडाची रक्कम शेकडो कोटींवर गेली. वसुली मात्र तिच्या लहानशा हिश्शाएवढीच. अशा यंत्रणा उभारण्याचे काम कंत्राटदारांकडे जाते. कंत्राटदाराला ठरावीक भाडे मिळत असेल तर एक गोष्ट. पण चलानामागे मोबदला मिळणार असेल तर लोक सावकाश चालू लागणे हेच त्याचे नुकसान. ज्याच्या नफ्यासाठी गुन्हे घडत राहणे आवश्यक आहे, त्याच्या हाती गुन्हे मोजण्याचे यंत्र देऊ नये, एवढे साधे हे गणित आहे.

ब्रिटनमध्ये हा वाद होऊन गेला आहे. तेथे १९९२ मध्ये पहिले कॅमेरे लागले. २००० सालानंतर दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च भागवण्याची मुभा स्थानिक यंत्रणांना मिळाली आणि लगेच लोक म्हणू लागले की हे पैसे गोळा करण्याचे दुकान आहे. तेव्हा सरकारने कॅमेरे पिवळ्या रंगात रंगवून लपवाछपवी बंद केली. त्याच योजनेत स्थिर कॅमेरा लावायचा तर त्या एक किलोमीटरच्या टप्प्यात मागील तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे किमान चार अपघात झालेले असावेत, अशी अट होती. २००७ मध्ये दंड आणि खर्च यांची ती सांगडही तोडली गेली. आपल्याकडेही अपघातप्रवण स्थळाची सरकारी व्याख्या आहे: सुमारे ५०० मीटरचा टप्पा आणि तीन वर्षांत गंभीर दुखापतीचे किंवा मृत्यूचे पाच अपघात अथवा दहा मृत्यू. वेगाच्या गाड्या आणि कॅमेरे त्याच यादीप्रमाणे उभे राहतात, की उतारावर, झाडाच्या सावलीत, जेथे चलाने पटापट होतात तेथे?

केरळचे उदाहरण अधिक बोलके आहे. जून २०२३ मध्ये तेथे ७२६ कॅमेऱ्यांची योजना सुरू झाली. त्यातील ६७५ कॅमेरे हेल्मेट, सीटबेल्ट यांसारख्या गोष्टींसाठी होते. वेगासाठी स्थिर चार आणि फिरते चार, असे एकूण आठ! कंत्राटावरून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. हेल्मेट घातलेच पाहिजे, त्याने डोके वाचते, यात दुमत नाही. पण ज्याला उडवले जाते त्याच्यावर ६७५ डोळे आणि जो उडवतो त्याच्यावर आठ, ही वाटणी सोलापुरात होऊ नये. अमेरिकेतील शिकागो शहरात तर २०२२ च्या एका पत्रकारी तपासात असे आढळले की, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतील घरांवर कॅमेऱ्याची चलाने गोऱ्या वस्त्यांच्या सुमारे दुपटीने पडली. कॅमेऱ्यात वर्णद्वेष नव्हता. त्या वस्त्यांतले रस्ते रुंद, वेगाला आमंत्रण देणारे, फुटपाथ नसलेले होते. वस्तीला रस्ता वाईट द्यायचा आणि त्या रस्त्यावर कॅमेरा मात्र चांगला लावायचा, हा प्रकार ओळखीचा वाटतो ना?

दंडाच्या रकमेचेही पाहा. १८३ व्या कलमाप्रमाणे अतिवेगासाठी हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, मध्यम व जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये. दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला चारशेपर्यंत होता. महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच लावले नाहीत, डिसेंबर २०२१ मध्ये लावले. वीस लाखांच्या मोटारीवाल्याला दोन हजार म्हणजे हॉटेलातील एक जेवण. मालवाहू टेम्पोवाल्याला तेच दोन हजार म्हणजे तीन-चार दिवसांची भाकरी. फिनलंडमध्ये मोठ्या वेगमर्यादाभंगाचा दंड उत्पन्नाप्रमाणे ठरतो. २०२३ मध्ये एका धनिकाला तेथे १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. समान दंड म्हणजे समान शिक्षा नव्हे, हे आरक्षणाचे तत्त्व ज्याला समजले आहे त्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

चालकाचे आणखी एक दुःख आहे. चलान मालकाच्या नावे येते आणि कापले जाते चालकाच्या पगारातून. माल पहाटे चारला हैदराबादच्या बाजारात पोचला पाहिजे असे मालक सांगतो, तेव्हा तो वेगमर्यादेच्या आत राहून कसा पोचेल याचा हिशेब मालक करीत नाही. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते त्या काळात, १९४६ साली, कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकालाही आठ तासांचा दिवस दिला. तो दिवस सोलापूरच्या ट्रक टर्मिनलवरील किती चालकांनी पाहिला आहे? चालकाचा वेग मोजायला लेझरचे यंत्र आले, त्याची जागरणे मोजायला काहीच आले नाही.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीत १९८-अ हेही कलम आहे. रस्त्याचे आरेखन, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू वा अपंगत्व आले तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चालकाला चार हजार आणि खुनी रस्ता बांधणाऱ्याला जास्तीत जास्त एक लाख! तरीही ते कलम आहे, आणि ते वापरले जावे असे आम्हाला वाटते. सर्वोच्च न्यायालयात कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसीकरन यांनी २०१२ साली रस्ते सुरक्षेची याचिका केली, तिच्यावर वर्षानुवर्षे आदेश निघत आहेत. २०२४ मध्ये १३६-अ ची अंमलबजावणी करा म्हणून राज्यांना त्याच प्रकरणात बजावले गेले.

त्याच याचिकेत जानेवारी २०२४ मध्ये दुसराही एक आदेश झाला, त्याची चर्चा कोणी करीत नाही. अज्ञात वाहनाने उडवून पळ काढला तर मृताच्या वारसाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. लोकांना हे ठाऊकच नाही, म्हणून अर्जच येत नाहीत; तेव्हा वाहन सापडले नाही तर पोलिसांनीच वारसांना या योजनेची माहिती द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. ताशी ११० च्या वेगाने जाणाऱ्या मोटारीचा क्रमांक दोन हजारांच्या दंडासाठी क्षणात वाचणारे यंत्र, त्याच रस्त्यावर मजुराला चिरडून गेलेल्या गाडीचा क्रमांक शोधायला का वापरले जात नाही? पंचनाम्यात ‘अज्ञात वाहन’ लिहिण्यापूर्वी अलीकडच्या-पलीकडच्या टोलनाक्यावरील आणि कॅमेऱ्यांतील नोंदी तपासल्या, असे लिहिणे बंधनकारक का नाही? सोलापूर-पुणे मार्गावर सावळेश्वरला नाका आहे, वरवड्याला नाका आहे. पैसे घेताना तेथे एकही गाडी अज्ञात नसते.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या बैठका होतात. त्यात कुंभारीची विडी कामगार बाई नसते, रिक्षा संघटनेचा माणूस क्वचित असतो. बोलावणे येण्याची वाट पाहण्यापेक्षा माहिती अधिकाराचा एक अर्ज करणे सोपे. सोलापूर शहर व जिल्ह्यात वेग मोजणारी किती यंत्रे आहेत, ती कोणत्या तारखेला तपासली गेली, ती कोणत्या ठिकाणी उभी केली जातात आणि तेथे मागील तीन वर्षांत किती मृत्यू झाले, किती नोटिसा १५ दिवसांत गेल्या, किती हरकती आल्या आणि किती मान्य झाल्या, दंडातून किती रुपये पादचारी पूल, दिवे आणि भुयारी मार्ग यांवर खर्च झाले, एवढे विचारायचे. आमच्या तरुणांनी, वकील मित्रांनी, प्रत्येक प्रभागातून एकेक अर्ज टाकावा. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला, दाखला जोडला तर, तोही लागत नाही.